केस संपली की वाचायला ये

शिद्राम गेला त्या सकाळी त्याच्या घरी सगळ्यात आधी पोहोचला तो बँकेचा हार. निपाणीकडचे पाहुणे अजून वाटेत होते, भाऊबंद गावाहून निघायचे होते, मी रिक्षातून उतरून जिना चढत होतो आणि माझ्या पुढं बँकेचा शिपाई, हातात निशिगंधाचा भरगच्च हार घेऊन. हाराला चंदेरी पट्टी आणि पट्टीवर बँकेचं ठसठशीत नाव. याच बँकेविरुद्ध शिद्राम ग्राहक आयोगात केस लढत होता. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. त्यालाही भिंतीला टेकवून, मांडी घालून बसवलं होतं. कपाळावर विभूती, अंगावर नवं धोतर... आणि गळ्यात समोरच्या पार्टीचा हार. शिपाई नमस्कार करून निघूनसुद्धा गेला. हा हार काढावा का ठेवावा, याचा विचार करत मी तिथंच उभा राहिलो. दुःख करायचं सोडून आपण हाराचा विचार करतोय, याचाही मला राग आला. शेवटी महादेवी वहिनींना हळूच विचारलं. सकाळी मला फोनही त्यांनीच केला होता, “भावजी, हे उठंनात” एवढंच बोलल्या होत्या. आता त्याच्या पायाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “ऱ्हाऊदे. फुलांनी काय केलंय त्येंचं.”

त्याला काही आठवडे झाले. मी आयुष्यभर एका दैनिकात मुद्रितशोधक होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढत बसणं हाच धंदा. कुठलंही वाक्य दोनदा वाचलं की त्याला काय म्हणायचंय ते मला कळतं, असा माझा समज होता. शिद्रामची शेवटची दोन वर्षं मात्र मी मनात कितीदा वाचली, पण मला त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून हे लिहितोय. लिहिल्यावर लागेल असंही नाही.

आमची ओळख टेलिफोनमुळं झाली. त्या काळी अंध माणसांना एसटीडी बूथ मिळायचे. शिद्रामचा बूथ राजारामपुरीत एका दवाखान्याखाली होता. पिवळी पाटी, काचेची खोली आणि बाहेर स्टुलावर हा. लहानपणी गोवरात डोळे गेले, कागलच्या पलीकडच्या गावातून अंधशाळेत रवानगी झाली आणि तिथून सरळ या स्टुलावर. घरात कानडी, गल्लीत मराठी आणि बिलावरून भांडणाऱ्याशी हिंदी, असा त्याचा तिन्ही भाषांत संसार. मी कामावर जायच्या आधी तिथून गडहिंग्लजच्या आमच्या वार्ताहराला फोन लावायचो, बातमीतली नावं तपासायला. मात्रा आहे का वेलांटी, ऱ्हस्व का दीर्घ, असं माझं मोठ्यानं चाललेलं असायचं. एक दिवस सुट्टे परत देताना तो म्हणाला, “पावणं, पेपरात हाईसा व्हय?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“एवढ्याशा गोष्टीवर एवढं वरडनारा मानूस दुसरा कोन आसंल? माझ्याकडं एक कागद आलाय. वाचून दावता काय?”

कागद टेलिफोन खात्याचा होता. छापखान्यात आम्ही एकमेकांना मजकूर वाचून दाखवायचो तो विरामचिन्हांसकट, म्हणजे ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ हे शब्दसुद्धा उच्चारून. सवयीनं मी तसाच वाचला. शिद्राम इतका हसला की काचेच्या खोलीतला माणूस फोन धरून बाहेर डोकावला. “परत वाचा,” म्हणाला, “ते पूर्णविराम लई झ्याक म्हनताय.” दुसऱ्या दिवशी मी आपणहून पेपर घेऊन गेलो. मग रोजचंच झालं. दुपारी चारला त्याच्याकडं चहा, पेपरवाचन, तिथून मी कामावर. मी रशीदचा रश्या झालो आणि तो शिद्रामचा शिद्या. घरी माझी बायको म्हणायची की तुम्ही तिथं नोकरीला आहात आणि दैनिकात फक्त झोपायला जाता.

आंधळा मित्र म्हटला की लोकांच्या डोळ्यापुढं कुणीतरी शांत, सोशिक मूर्ती उभी राहते. शिद्राम तसा अजिबात नव्हता. तो ऐकायचा भांडत. अग्रलेख सुरू झाला की दुसऱ्या वाक्याला “सोड, फुडं चल” आणि निधनवार्ता मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, रक्षाविसर्जनाच्या वेळेसकट. बूथमधली लोकांची बोलणी तो बिनदिक्कत ऐकायचा आणि मला सांगायचा. मी म्हणालो, हे बरं नव्हे. तर म्हणे, “काच त्येनी पातळ घातली, त्येला मी काय करू?” उसाच्या दराची बातमी असली की बिद्रीच्या साखर कारखान्यानं किती जाहीर केला ते आधी पाहिजे. याच्या नावावर गुंठाभर ऊस नव्हता. गावात चुलत्यांचा होता, आणि चुलत्यांशी बोलणं बंद. तरी दर कमी निघाला की दिवसभर फुरंगटून बसायचा. बँकेचं पासबुक, दवाखान्याची चिठ्ठी, लाईटबिल, लग्नपत्रिका, सगळं मीच वाचायचो. त्याच्या लग्नाआधी महादेवी वहिनींच्या वडलांचं पत्र आलं तेही मी वाचलं. त्याला मुलगी पसंत आहे हे तिच्या घरी कळायच्या आधी मला कळलं होतं.

मग मोबाईल आले, बूथ मेला. शिद्रामनं त्याच जागेत रिचार्ज आणि मोबाईलच्या कव्हरांचं दुकान टाकलं. वहिनी माल काढून द्यायच्या, हा गिऱ्हाइकाशी बोलायचा. पुढं बोलता फोन आला. पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली जे असेल ते फोन वाचून सांगतो. पुण्याला आठवडाभर राहून तो हे शिकून आला आणि लहान पोराला सायकल मिळावी तसा हरखला. फोनमधली बाई इतक्या वेगानं बोलायची की मला काही म्हणजे काही कळायचं नाही, आणि हा मान डोलवत असायचा. “तुझ्यापरीस बाई बरी,” मला म्हणाला, “च्या मागत न्हाय.” मी हसलो. मनातून मला ते लागलं का? थोडं लागलं असेल. पण पेपर ती बाई नीट वाचायची नाही, म्हणून चारचा चहा चालू राहिला.

बँकेचं झालं ते असं. जवळच्या शाखेतले पैसे भरायचे-काढायचे व्यवहार कमी करून बँकेनं सगळं वेबसाईटवर नेलं. शिद्राम खूष. पण बोट फिरवलं तर फोन म्हणाला, बटण. पुढं सरकवलं, बटण. आणखी पुढं, बटण. सुप्रिया वकील म्हणून आमच्या ओळखीतल्या मुलीनं मला नंतर समजावलं ते इतकंच, की वेबसाईट करणाऱ्यानं प्रत्येक बटणाला आतून नाव द्यायचं असतं, ते डोळसाला दिसत नाही पण फोन तेच वाचतो. इथं कुणी नावंच दिली नव्हती. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि खातं बंद करायचं कुठलं, हे ठरवायचं कसं? अंदाजानं तो शेवटापर्यंत पोहोचला, तर तिथं चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखून लिहा म्हणून सांगितलेलं. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायला म्हणे.

तो शाखेत गेला. तिथला साहेब भला होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, “घरातल्या कुनाला तरी पासवर्ड द्या की. ते करतील.” शिद्राम दुकानात परत आला तो लाल होऊन. मी म्हणालो, “त्यात काय एवढं? मी आहे की. सांग पासवर्ड.” त्यानं फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, “रश्या, माझी सगळी अंडीपिल्ली तुला ठावं हाईत. ह्यो एवढा एक शब्द माझा ऱ्हाऊदे.” इतक्या वर्षांत त्यानं मला नाही म्हटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

कायद्यानं अशी सोय करून देणं बँकेवर बंधनकारक आहे, असं सुप्रिया म्हणाली. तिनं ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची ठरवली. तक्रारीचा मराठी मसुदा तयार झाला आणि तो वाचून दाखवायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. दुकानात बसून मी घडाघडा वाचत होतो. ‘सबब तक्रारदारास आपल्या दैनंदिन व्यवहारासाठी परक्या व्यक्तीच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागते, पूर्णविराम.’ वाचलं आणि थांबलो.

“परकी व्यक्ती म्हणजे कोण रे?”

“वकिलाची भाषा हाय ती,” शिद्राम म्हणाला. “वाच फुडं.”

मी पुढं वाचलं. पण ते वाक्य माझ्यातून काही गेलं नाही. आजही चहाचा कप हातात असला की ते मध्येच उगवतं. मी मेहेरबानी करत होतो? का त्याला तसं वाटत होतं? का खरंच वकिलाची भाषा? सुप्रियाला नंतर विचारलं तर ती म्हणाली, “काका, तसं लिहावं लागतं.” लिहावं लागतं हे कबूल. पण खरं असल्याशिवाय लिहिता येत नाही ना?

नोटीस मिळाल्यावर बँकेनं वेबसाईट दुरुस्त केली, म्हणजे त्यांच्या मते केली. अक्षरं मोठी केली, पिवळी केली, कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र टाकलं आणि पान उघडताच आपोआप बोलणारी एक बाई बसवली. आयोगापुढं ते सगळं दाखवायचं होतं, त्या दिवशी मीही गेलो. शिद्रामनं फोन टेबलावर ठेवून बोट टेकवलं मात्र, बाई सुरू झाली. ‘दिव्यांग बंधू-भगिनींनो, आपल्या लाडक्या बँकेच्या संकेतस्थळावर आपले मनःपूर्वक स्वागत असो.’ तिच्याखाली दबून फोनमधली बाई आपली म्हणतेय, बटण, बटण, चित्र, बटण. दोघी एकमेकींवर बोलायला लागल्या. स्वागत काही संपेना. आयोगाच्या अध्यक्षांनी तोंडावर हात धरला. बँकेचा मॅनेजर मात्र अभिमानानं इकडंतिकडं बघत होता. आवाज त्यानं स्वतःच्या मेहुणीचा घेतला होता असं नंतर कळलं. लबाडी नव्हती त्याची. त्याला मनापासून वाटत होतं की आपण चांगलं केलं, आणि अशा माणसाशी भांडायचं कसं हे मला अजून समजलेलं नाही.

मग बँकेचे वकील उठले आणि त्यांनी लेखी म्हणणं वाचलं. तक्रारदारांचे मित्र श्रीयुत रशीद हे सुशिक्षित गृहस्थ असून अनेक वर्षे त्यांना सर्व कागदपत्रे विनातक्रार वाचून दाखवतात, सबब तक्रारदारांची कोणतीही गैरसोय होत नाही. इतकं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं, “हे काय, तिथं बसले आहेत.” सगळे वळून बघायला लागले. क्षणभर मला, खरं सांगतो, बरं वाटलं. भर सभेत कुणी आपल्याला सुशिक्षित गृहस्थ म्हणतं कधी? दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की आपण बँकेचा पुरावा झालो आहोत.

बाहेर टपरीवर चहा घेताना शिद्रामनं कप तसाच फळीवर ठेवला. मग म्हणाला, “रश्या, आता वाचायला येऊ नको.”

“म्हणजे?”

“फुडच्या टायमाला मला शपथेवर इचारनार, तुमाला कोन वाचून दावतंय म्हनून. खोटं बोलायला लावू नको मला. च्याला ये. पेपर आनू नको. केस संपली की वाचायला ये.”

मी त्याला परोपरीनं सांगितलं की पेपर वेगळा, बँक वेगळी. तो म्हणाला, “त्यो वकील एवढं बगतोय व्हय?” त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि मला तर ते तद्दन मूर्खपणाचं वाटत होतं. आजही ठरत नाही. पुढच्या तारखेला खरोखरच विचारलं गेलं. मी मागच्या बाकावर होतो. शिद्राम ताठ उभा राहून म्हणाला, “कोन न्हाय.” शब्दाला शब्द खरं होतं ते. ही केस बँकेविरुद्ध आहे का माझ्याविरुद्ध, हा प्रश्न मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःला विचारला.

त्यानंतर चारचा चहा चालू होता, पण तो काय चहा... मधे पेपर नाही म्हटल्यावर आम्हाला बोलायला काही सापडेना. आमचं सगळं बोलणं कुठल्या ना कुठल्या बातमीला धरून असायचं हे आम्हाला माहीतच नव्हतं. तो म्हणायचा, ऊन फार आहे. मी म्हणायचो, आहे खरं. वहिनी आमच्याकडं बघून हसायच्या. मुलगी बघायला आल्यासारखे बसताय, म्हणायच्या. एकदा त्यानं फोनवर आमचं दैनिक लावून बघितलं. आम्ही पानांचे फोटो काढून इंटरनेटवर चढवतो, तेव्हा फोन प्रत्येक पानाला एकच शब्द बोलला, चित्र. “आदी तुज्या पेपरावर केस घालाय पायजे हुती,” शिद्राम म्हणाला. त्या दिवशी आम्ही बऱ्याच दिवसांनी हसलो. तुम्ही वाचताय ती ही पुरवणीसुद्धा तशीच चढणार आहे. त्याच्यासारख्या कुणी या लेखावर बोट ठेवलं तर त्याला एवढंच ऐकू येईल, चित्र. मी निवृत्त माणूस, कार्यालयात जाऊन सांगून आलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं.

आता सत्काराचं सांगायला हवं, कारण माझा सगळा गोंधळ तिथं आहे. आपल्या कोल्हापुरात भांडण मिटवायची एक हुकमी रीत आहे. समोरच्याला व्यासपीठावर बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं, फेटा बांधायचा. फेटा बांधलेला माणूस नंतर भांडत नाही, असा सगळ्यांचा अनुभव. बँकेच्या वर्धापनदिनाला शिद्रामला बोलावणं आलं. चेअरमन स्वतः दुकानात येऊन गेले. शिद्राम जाणार नाही, याबद्दल मी पैज लावली असती. तो गेला. इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मला म्हणाला, तूही चल. मी चौथ्या-पाचव्या रांगेत बसलो. स्टेजवर त्याला फेटा बांधला, गुलाबी, पाठीवर लांब शेमला सोडलेला. तो हातानं तुरा चाचपत होता आणि हसत होता, तोंडभर. मग चेअरमन माईकवर म्हणाले, “शिद्राम हे आपल्या बँकेच्या परिवारातले. परिवारात भांड्याला भांडं लागायचंच. त्यांनी मोठ्या मनानं हा विषय इथंच संपवला आहे, हे जाहीर करताना मला आनंद होतो.” टाळ्या. मी शिद्रामच्या तोंडाकडं बघत होतो. ते हसू हललंसुद्धा नाही. तो काही बोलला नाही, हो नाही, नाहीही नाही. बँकेच्या गाडीतून त्याला घरी सोडलं. मी सिटी बसनं आलो. वाटेत नुसता जळत होतो. इतके महिने मला वाचायचं बंद ठेवून हा शेवटी एका फेट्यावर मिटला?

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पेपर घेऊन गेलो. घडी उलगडल्याचा आवाज त्यानं बरोबर ओळखला. “फोटो आलाय व्हय?” म्हणाला.

“आलाय. वाचू?”

“नको.”

“मग चेअरमन काल बोलला ते काय?”

“माईक त्येचा, कार्यक्रम त्येचा. बोलू दे की.” आणि लगेच, “फेटा बरा बसलावता काय रं?”

हे काय उत्तर झालं? मी म्हणालो, बरा बसलावता. तो समाधानानं चहा प्यायला. लाजला असेल, म्हणून स्वतःची बातमी ऐकायची नसेल, असं मी धरून चाललो. त्यानंतर परत एकदा पेपर नेला. त्यात त्याचा फोटो नव्हता, उसाच्या दराची बातमी होती, बिद्रीसकट. म्हटलं हे तरी ऐकेल. त्याची बोटं टेबलावर वाजत होती, ऐकायची इच्छा मला दिसत होती. तरी म्हणाला, “नको रश्या. आत ठेव.” मी चिडून पेपर पिशवीत कोंबला. मग काही दिवसांनी सकाळी वहिनींचा फोन आला.

दिवसकार्य झाल्यावर सुप्रिया आणि मी त्यांच्या घरी बसलो होतो. केसची तारीख जवळ आली होती. सुप्रिया म्हणाली की वारस म्हणून वहिनींचं नाव लागेल, चेअरमन स्टेजवर काय बोलले त्यानं कायद्यानं काही अडत नाही, शिद्रामकाकांनी मला केस काढून घ्यायला कधीच सांगितलं नव्हतं. ठरवायचं ते वहिनींनी. वहिनी माझ्याकडं वळल्या.

“भावजी, तुमी तितं हुतासा. ह्येनी त्या मानसाला आदी शब्द दिलावता काय? दिला असंल तर मला ही केस चालवायची न्हाय. ह्येंचा शब्द मी मोडनार न्हाय. आन् दिला नसंल, तर ह्येंच्या नावावर त्येनी जे खपिवलंय, ते मी खपू देनार न्हाय. तुमीच सांगा.”

मी काय सांगणार? मला तर वाटत होतं दिला. फेटा, ते हसू, गाडी. मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं. केस संपली की वाचायला ये, असं त्यानं मला सांगितलं होतं, आणि सत्कारानंतर मी दोनदा पेपर घेऊन गेलो तरी त्यानं मला वाचू दिलं नाही. बिद्रीचा दरसुद्धा नाही. त्याच्या मनात केस संपलेली असती तर फेटा उतरायच्या आधी त्यानं पहिलं पान मागितलं असतं.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “त्यानं शब्द दिला नव्हता.”

“कशावरनं?”

मी सांगितलं. सुप्रिया म्हणाली, “काका, हे आयोगात पुरावा म्हणून चालणार नाही हं.” वहिनी म्हणाल्या, “मला चालतंय.”

मग फेटा का बांधून घेतला, हे मी न राहवून विचारलं. वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या, मी भलतंच काही विचारल्यासारखं. “आवडायचा त्येनला. लग्नात बांधला हुता, त्येच्यानंतर कुनी बांधलाच न्हाय. लोक आंधळ्याला काठी देत्यात, चादर देत्यात. फेटा कोन बांधतंय?” असं असेल? इतकं साधं? ज्याच्याशी भांडतोय त्याच्याच हातून फेटा बांधून घ्यायचा, मजेत मिरवायचा, आणि भांडणही सोडायचं नाही, हे एकाच माणसाला जमतं? मला जमलं नसतं. कदाचित मी चुकतही असेन. कदाचित त्याला माझ्याकडून काहीच ऐकायचं उरलं नव्हतं आणि ‘नको’चा अर्थ फक्त नको एवढाच होता. मी वहिनींना जे ठामपणे सांगितलं ते मला खरं वाटतं म्हणून सांगितलं का मला ते हवं होतं म्हणून... नाही कळत. मला तो फार आवडायचा, आणि मला त्याचा अजून फार राग येतो, एवढं खात्रीनं सांगता येईल.

तारखेला वहिनी आयोगापुढं उभ्या राहिल्या. केस पुढं चालवायची आहे का, असं विचारलं. “व्हय,” म्हणाल्या, आणि पदर सारखा करून खाली बसल्या. बँकेच्या वकिलांनी दुःख व्यक्त केलं. पुढची तारीख पडली.

दुकान वहिनींनी चालू ठेवलंय. चार वाजले की माझे पाय तिकडं वळतात. त्या चहा टाकतात. पेपर माझ्या पिशवीत असतो, तो मी बाहेर काढत नाही. परवा गिऱ्हाईक नव्हतं, बराच वेळ कुणी आलं नाही, तेव्हा त्या म्हणाल्या, “भावजी, वाचा की कायतरी. दुकान लई गप वाटतंय.”

“केस चालू हाय, वहिनी,” मी म्हणालो.

“व्हय की,” त्या म्हणाल्या आणि माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

सुप्रिया म्हणते, निकाल आपल्या बाजूनं लागेल. लागेल किंवा न लागेल, केस कधीतरी संपेलच. त्या दिवशी मी पेपर घेऊन दुकानात जाणार, कारण तसं ठरलेलं आहे. पहिल्या पानापासून वाचणार, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. कुणाला, ते मात्र त्यानं सांगितलेलं नाही.